कूलर घेण्याआधी मिस्त्रीला बोलवा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आत कूलर घोंघावत होता, वर पंखा गरगरत होता, आणि ऐंशीच्या घरातल्या आमच्या सासूबाई अंगणात बाजेवर बसून पदरानं वारा घेत होत्या. मी म्हटलं, “आई, आत चला ना, कूलर लावलाय.” तर म्हणाल्या, “नको माय. जीव घाबरते माह्या त्या स्लॅबखाली. वरून कोनं तवा धरला असं वाट्टे.”

मी मनात म्हटलं, वय झालं की माणूस कुरकुर करायचंच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ताप चढला, उलट्या झाल्या, जीभ कोरडी पडली. तिवशाला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, “उन्हात गेल्या होत्या का?” मी म्हटलं, “नाही हो, चार दिवस घराचा उंबरा ओलांडलेला नाही.” डॉक्टर म्हणाले, “मग घरातच ऊन लागलं त्यांना.”

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही. उन्हापासून वाचायला माणूस घर बांधतो, आणि त्याच घरात आपल्या माणसाला ऊन लागतं! त्या दिवसापासून मी घराकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. त्यातून जे शिकले, ते तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून हा प्रपंच.

आमचं गाव गुरुकुंज मोझरी. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर रस्त्यालाच लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथं आश्रम काढला, तेव्हापासून हे नाव सगळीकडे गेलं. पुण्यतिथीला महाराष्ट्रभरातून माणसं येतात, घराघरांत पाहुणे उतरतात. पण तेव्हा असते दसरा-दिवाळीच्या सुमाराची हवा, सकाळी शाल घ्यावी अशी. पाहुणे म्हणतात, “किती छान गाव तुमचं!” मी म्हणते, एकदा मे महिन्यात या. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे काय ते कळेल. मे २०२० मध्ये आमच्या शेजारच्या अकोल्याला पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. इथं ४४-४५ म्हणजे कोणी बातमीही करत नाही.

कवेलू गेले, स्लॅब आला

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा इथं कवेलूचं घर होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर बांबूच्या ताट्यांवर दुहेरी कवेलू, आणि पुढे उतरती छपरी, इतकी उतरती की उंच माणसाला वाकून आत यावं लागे. दुपारी बाराला माजघरात शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. ती जाड भिंत दुपारचं ऊन पिऊन घ्यायची आणि ते आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. तोवर बाहेर गार वारं सुटलेलं, खिडक्या उघड्या. वर साचलेली गरम हवा कवेलूंच्या फटींतून आपोआप निघून जायची. सगळं विजेच्या एका युनिटाशिवाय!

आता कोणी म्हणेल, मग ते घर मोडलं कशाला? ज्यांनी कवेलूच्या घरात संसार केला नाही त्यांनाच हा प्रश्न सुचतो. आमच्याकडे वानरं फार. एक टोळी येऊन गेली की पन्नास-साठ कवेलू फुटायचे. दर जेठात घर फेरायला माणूस शोधा, तो मिळाला तर नवे कवेलू मिळत नाहीत. कुंभारांनीच करायचे सोडले. पावसात सात ठिकाणी टोपली-घमेली मांडायची. पोरांची वह्या-पुस्तकं भिजायची. स्लॅब पडला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पण त्या स्लॅबवर ठेकेदारानं पुढे काही केलंच नाही. स्लॅब टाकला, पाणी मारलं, सेंट्रिंग काढलं, झालं. वर कोबा नाही, उतार नाही. पाच-सहा वर्षांत गळायला लागला. मग शहरातून एक वॉटरप्रूफिंगवाला आला, त्यानं डांबराचा काळाभोर थर देऊन दहा वर्षांची खात्री दिली. गळणं थांबलं खरं. पण उन्हाळ्यात काळी छत्री आणि पांढरी छत्री यांतला फरक शाळेतल्या पोराला कळतो, तो आम्हाला आमच्या स्वतःच्या डोक्यावर कळला नाही.

ऊन येतं कुठून?

सासूबाई बऱ्या झाल्यावर आमच्याकडे बैठक बसली. यजमान म्हणाले, आता एसीच घेऊ. माझ्या भिशीचे बावीस हजार येणार होते, त्यात थोडे घालायचे. मुलगा विजेच्या बिलाचा हिशोब मांडून बसला. दोन कूलर, प्रत्येकी २०० वॉटचे, रोज चौदा तास, म्हणजे महिन्याला १६८ युनिट. तीन जुने पंखे ७५ वॉटचे, वीस-वीस तास, म्हणजे आणखी १३५. फ्रिज आणि दिवे धरायच्या आधीच तीनशे ओलांडले. आणि आपल्याकडे १०० युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, ३०० च्या वर गेलं की आणखी चढतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं! त्यात दीड टनाचा एसी आला, तर रोजचे आठ-दहा युनिट वाढले.

मी म्हटलं, जरा थांबा. ऊन येतंय कुठून ते तरी पाहू.

आमच्या इथं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला अंगणात उभ्या केलेल्या मुसळाची सावलीच पडत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी भिंतींना ऊन थोडं आणि छताला सगळं. एकमजली घरात, आणि खेड्यातली आपली बहुतेक घरं एकमजलीच, उष्णतेचा मोठा वाटा येतो तो माथ्यावरून. काळा किंवा मळकट स्लॅब भर उन्हात ६० अंशांच्या पुढे तापतो. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून ती धग खाली झिरपायला तीन-चार तास लागतात, म्हणून दुपारी दोनला घर जरा बरं वाटतं आणि संध्याकाळी सहानंतर भट्टी होते. बाहेर वारं गार होतं तेव्हा आपला स्लॅब आत धग ओतत असतो, ती पार मध्यरात्रीपर्यंत. त्याखाली पंखा लावला की तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. सासूबाई तवा म्हणाल्या होत्या, ते अक्षरशः खरं होतं.

म्हणजे आपण काय करतो? वर चूल पेटती ठेवतो आणि खाली पैसे खर्च करून गारवा विकत घेतो. तो गारवा येतो कुठून, तेही पाहा. अमरावतीहून मोझरीला येताना नांदगाव पेठचं औष्णिक वीज केंद्र लागतं, १,३५० मेगावॉटचं. कोळसा जाळून पाणी उकळायचं, वीज करायची, आणि ती वीज आपण आपल्याच तापलेल्या स्लॅबशी भांडण्यात घालवायची.

“आमाले कोनी इचारतच नाही”

माघात आमच्याकडे न्हाणीघराच्या दुरुस्तीला मिस्त्री आले होते. आजवर मिस्त्री घरी आले की बोलायचं काम यजमानांचं. आपलं काम चहा देण्याचं. या वेळी मी चहाचा कप हातात देऊन त्यांच्यासोबत शिडीनं वर गेले. त्यांनी वर पाऊल ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, हे डांबर कोनं टाकलं?”

“का हो, काय झालं?”

“अवो, पोया भाजता येतीन येच्यावर. घरात बसता कसे तुमी?”

मी विचारलं, मग इतकी वर्षं गावात घरं बांधता, दुरुस्त करता, कोणाला सांगितलं का नाही? तर ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, “आमाले कोनी इचारतच नाही वो. अन् आपून होऊन सांगाव, त लोक म्हन्तेत, मिस्त्री काम काढून राह्यला.”

हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. आपणच म्हणतो तसं. कूलरवाल्याच्या दुकानात तो जे सांगेल ते आपण मान डोलावून ऐकतो, आणि ज्या माणसाच्या हातून आपलं अख्खं घर उभं राहिलं त्याच्या बोलण्यात मात्र आपल्याला लबाडी दिसते.

मिस्त्रींची बाजूही ऐकली. नव्या घराचं काम फुटावर ठरतं. ठेकेदाराला त्यात चार पैसे सुटतात. जुन्या घराचं काम रोजंदारीचं, किरकोळ, धुळीचं. उघडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही, आणि मालक मागे उभा राहून “अजून किती दिवस?” विचारत असतो. म्हणून चांगला मिस्त्री दुरुस्तीला हात लावायला नाखूष असतो, आणि जुनी घरं तशीच तापत राहतात. शिवाय आपल्या मागण्याही अशा, की पश्चिमेला मोठी काच पाहिजे, वर सज्जा नको, शहरातल्यासारखं सपाट दिसलं पाहिजे! मग मिस्त्री बिचारा काय करणार?

सरकारनं २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. नव्या निवासी इमारतींच्या भिंतींतून आणि छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात घातलेली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण ती नव्या बांधकामांसाठी. आमच्या गल्लीतल्या जुन्या स्लॅबची आणि टिनाच्या घरांची काळजी कोणत्या कलमात आहे? प्रधानमंत्री आवास योजनेत गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, तेही घरकुल बांधता बांधता. हाताला हुन्नर येतो, प्रमाणपत्र मिळतं. त्याच गवंड्याला जुनं घर थंड करायचे चार दिवसांचे धडे मिळाले, तर गावोगाव किती कामं निघतील! आणि ही कामं उन्हाळ्याच्या आधीची, त्याच्या हाताला काम देणारी.

कारागीर नीट तयार नसला तर काय होतं, याचा धडा विलायतेनं दिला आहे. तिथं थंडी, त्यामुळे त्यांचं काम आपल्या उलट, घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. सरकारी योजनेतून हजारो जुन्या घरांच्या भिंतींना बाहेरून जाड आवरण लावलं. २०२५ मध्ये तिथल्या सरकारी हिशोबतपासनीसांनी सांगितलं की अशा जवळजवळ सगळ्याच घरांत काम पुन्हा दुरुस्त करायची वेळ आली आहे. आवरण नीट बसलं नाही की ओल धरते, बुरशी चढते. पैसा होता, योजना होती, सामान होतं. हातच कच्चे निघाले.

आम्ही काय केलं

आता कामाचं सांगते. तुमच्या घरी जसंच्या तसं चालेलच असं नाही, पण विचारायला काय प्रश्न आहेत तेवढं कळेल.

पहिलं, डांबर काढलं. डांबरावर चुना धरत नाही. मिस्त्रींनी सांगितलं, “हे काम सकायीच.” थंडीत पहाटे डांबर कडक असतं, छन्नी लावली की खपल्या निघतात, ऊन चढलं की तेच गुळासारखं चिकटतं. तीन सकाळी गेल्या. खाली आधीच्या भेगा निघाल्या, त्या खरवडून भरल्या.

मग प्रश्न आला कोब्याचा. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून कोबा घातला, त्याला उतार दिला की पाणी वाहून जातं आणि विटेचा थर धगही अडवतो. उतार किती, तर दहा फुटाला सव्वा इंच तरी. पण इथं मिस्त्रींनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. ते म्हणाले, “वहिनी, चार इंची कोब्याचं वजन पडते फुटाला पंधरा-अठरा किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड-पावणेदोन टन. तुमच्या स्लॅबमधी गज किती घातले हे मले मालूम नाही. पह्यले इंजिनेराले दाखवा.” काम मिळत असताना थांबणारा कारागीर! अमरावतीच्या एका ओळखीच्या इंजिनियरांना आणलं. त्यांनी सांगितलं, सासूबाईंच्या खोलीवर चालेल, तिचे गाळे लहान आहेत आणि चारी बाजूंना भिंती आहेत. पुढच्या खोलीवर जड काही घालू नका.

त्याप्रमाणे सासूबाईंच्या खोलीवर कोबा घातला आणि त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले. टाइल्सच्या दुकानात फुटका माल पडलेला असतो, दुकानदार जवळजवळ फुकट देतो. फक्त पांढरा आणि गुळगुळीत निवडून घ्यायचा. रंगीत तुकड्यांची नक्षी दिसायला सुरेख, पण आपल्याला सूर्य परत पाठवायचा आहे, रांगोळी काढायची नाही. काम माघात करण्याचं कारण हेही होतं की सिमेंटला पाणी मारायला विहिरीत पाणी असतं. वैशाखात केलेलं सिमेंटकाम उन्हानं लवकर सुकतं आणि तडकतं. आणि मिस्त्री-रेजांनाही माणसाचाच जीव आहे. सावलीत बसून आपण उकाड्याच्या तक्रारी करतो, आणि त्यांनी डोक्यावर घमेलं घेऊन तापलेल्या स्लॅबवर उभं राहायचं, हे काही बरं नाही.

राहिलेल्या स्लॅबवर चुना. चुना रात्रभर भिजवला, सकाळी कापडातून गाळला, त्यात थोडं फेव्हिकॉल आणि पांढरं सिमेंट घालून कुंच्यानं आडवे-उभे तीन हात दिले. आधी गच्ची झाडून-धुऊन घेतली. धुळीवर दिलेला चुना पंधरा दिवसांत उडतो. हे पावसात बरंचसं धुऊन जातं, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा करायचं. चुना, फेव्हिकॉल, कुंचे आणि दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या आत झालं. एक मात्र सांभाळा: कळीचा चुना विरवताना उकळतो, उडतो. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टर गाठा. आणि दुपारी पांढऱ्या गच्चीवर कुरडया-सरगुंडे घालायला गेलात तर डोळे दिपतात, सकाळीच उरका.

तिसरं काम तर छोटंसं, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. आमचा कूलर एका खिडकीत, आणि बाकी खोली गच्च बंद. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो ना, तीच चूक. कूलर ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल, तर दोन तासांत खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. मिस्त्रींनी कूलरच्या समोरच्या भिंतीत छताजवळ एक झरोका पाडला, जाळी बसवली. जुन्या घरांत रोशनदान असायचं ते यासाठीच! आम्ही सगळ्यांनी ती चिमण्यांची घरटी होतात म्हणून बुजवून टाकली.

पश्चिमेच्या खिडकीला सज्जा होता तरी चारनंतर ऊन थेट आत यायचं, कारण मावळतीचा सूर्य खाली असतो, आडवा सज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथं सुताराकडून चौकट करून बाहेरून बांबूची तट्टी टांगली. आतून जाड पडदा लावून उपयोग थोडाच, कारण काचेतून ऊन आत आलं की ते घरातच राहिलं. उन्हाला बाहेरच अडवायचं.

आणि फरक किती?

मुलानं दोन भिंतीवरचे तापमापक आणले. एक आमच्या घरात, एक शेजारच्या काकूंकडे. त्यांचा स्लॅब आमच्यासारखाच, वर काहीच नाही. एप्रिलच्या शेवटी रात्री आठला दोन्ही पाहिले. आमच्या पुढच्या खोलीत तीन अंशांनी कमी, सासूबाईंच्या खोलीत साडेचार. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, घराघरांत दहा गोष्टी वेगळ्या असतात. पण पांढऱ्या छतानं आतला उकाडा साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतो, असाच अनुभव ठिकठिकाणी आला आहे. अहमदाबादला मे २०१० मध्ये भयंकर लाट आली आणि शेकडो माणसं दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांतली हजारो छतं पांढरी करून घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्या विदर्भाला याची गरज कमी आहे का?

साडेचार अंश म्हणजे काय, तर रात्री दहाला बंद करता येणारा कूलर. आम्ही एसी घेतला नाही. भिशीच्या पैशांतून कोबा झाला, आणि उरलेल्यात तीन पंखे नवे घेतले, ते तीस वॉटचे, जुन्यांच्या निम्म्याहूनही कमी. यजमान अजून म्हणतात की गारवा पंख्यांमुळेच आहे. म्हणू देत.

ज्यांच्या घरांना टिनं आहेत त्यांचं दुखणं वेगळं. टीन लगेच तापतं आणि लगेच निवतं. रात्री त्रास कमी, दुपारी जीव नकोसा. टिनाच्या वरून पांढरा रंग, आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचं माळवं, मध्ये वीतभर पोकळी आणि दोन्ही टोकांना हवा जायला मोकळी जागा, एवढं मिस्त्री दोन दिवसांत करून देतो. थर्माकोल लावतात कोणी, पण स्वयंपाक चुलीवर होत असेल तर तो धोका पत्करू नका. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना घासू नका, भोकं पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट. ओल्या फडक्यानं पुसून वरून रंग द्यावा.

वर्धा काही इथून फार लांब नाही. सेवाग्रामची बापूकुटी पाहायला गेलात तर भर दुपारी जा, आणि आत पाच मिनिटं नुसत्या बसा. माती, बांबू, कवेलू आणि खाली उतरलेली पडवी. १९३६-३७ चं बांधकाम. वर्ध्यालाच १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथं कुंभाराच्या चाकावरच्या, एकात एक बसणाऱ्या नळकांडी कवेलूंच्या कमानीचं छत विकसित झालं. पोकळ असल्यानं धग अडते आणि कुंभारालाही काम मिळतं. मिस्त्रींना मी हे सांगितलं तर म्हणाले, “पाहाले नेता का मले?” पन्नाशीतला माणूस, आयुष्यभर घरं बांधलेला, पण आपल्या धंद्यातली नवी गोष्ट पाहायला त्याला कोणी कधी नेलं नव्हतं. श्रावणात नेणार आहे.

चुना देताना मिस्त्रींसोबत एक रेजा होती. दुपारी जेवायला बसली तेव्हा मी तिला विचारलं, तुझं घर कसलं गं? “टिनाचं, बाई. उनायात वर पऱ्हाट्या टाकतो, सावली होते. पन आगीचं भेव वाट्टे, मंग रात भर झोपच नाही.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “हा उरला चुना तुमी फेकान का?” बादलीत दोन-अडीच किलो उरला होता. तिला तो दिला, फेव्हिकॉलची अर्धी डबीही दिली. टिनावर चुना फार दिवस टिकत नाही, पण एक उन्हाळा निभतो.

मी मिस्त्रींना विचारलं, “आणि तुमच्या घरी?” ते हसले. त्यांचं घरकुल आहे, पंचवीस मीटरचं, स्वतःच्या हातानं बांधलेलं, वर उघडा स्लॅब. म्हणाले, “लोकायचेच घरं करता करता दिवस जाते.” त्यांच्या घरच्या बाई मला बाजारात भेटल्या, त्यांना मी सगळं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात कळलं की मिस्त्रींना स्वतःच्या घरावर चढवण्यात आलं आहे!

शेजारच्या काकूंनी तापमापक पाहिल्यापासून रोज विचारणा चालवली होती. त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीचं आणि स्लॅबचं काम ठरलं. मिस्त्री म्हणाले, मंगळवारी येतो. आले शुक्रवारी. पण आले.